दारावरची पिग्मी आणि माझी कार्डाची थकबाकी

क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडण्यासाठी मी मालवणातील एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम दारी येऊन गोळा करणारी बचत सेवा, अकरा महिने वापरली. रोज सायंकाळी प्रतिनिधी दारी येत असल्यामुळे, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे संकोचाचे वाटत असल्यामुळे, १०० रुपये नेमाने बाजूला पडत गेले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मे महिन्यात भरून ठेवलेल्या सुक्या बांगड्यांवर आणि जवळ्यावर भागवले. ती बचतही याच खात्यात गेली.

शिस्त लावण्यात ही सेवा उत्तम असली, तरी हिशेबाला ती उतरत नाही. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चढत असताना पिग्मीत पैसा अडकवणे तोट्याचेच होते, आणि मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास कपात होते, हे खाते उघडताना मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय बँकांतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नसते.

पावती मात्र रोजच्या रोज घ्यावी. माझ्या पुस्तकात दोन नोंदी राहून गेल्या होत्या आणि त्यांसाठी चार हेलपाटे पडले.