डिसॅबिलिटीवर असताना पार्टटाइम काम: एलटीडीत काय होतं, एसएसडीआयमध्ये काय होतं

अमेरिकेत डिसॅबिलिटीवर, म्हणजे काम न जमण्यामुळे मिळणाऱ्या भत्त्यावर, असलेल्या माणसाला जरा बरं वाटू लागलं, आठवड्याला पंधरा-वीस तास काम जमेलसं वाटलं, की पहिला धसका एकच: पगार सुरू झाला की मिळतंय तेही बंद होईल का? पैसे कुठून येतात त्यावर ते ठरतं. नोकरीतून घेतलेली खासगी लाँग टर्म डिसॅबिलिटी, म्हणजे एलटीडी, पायरीपायरीने उतरते. सरकारी सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे एसएसडीआय, कमाईच्या एका रेषेपर्यंत पूर्ण मिळते आणि रेष ओलांडली की अख्खी थांबते.

आधी एलटीडी. समजा, आजारपणापूर्वी महिन्याला ५,००० डॉलर पगार होता आणि पॉलिसी त्याच्या ६० टक्के, म्हणजे ३,००० देते. आता पार्टटाइमचे २,००० येऊ लागले. बऱ्याच पॉलिसींत कामाचं पहिलं वर्ष सवलतीचं असतं: दोन्ही मिळून जुन्या पगारापेक्षा जास्त होत नसेल तर काहीच कापत नाहीत, पुरे ५,००० हातात. त्यानंतर दोन पद्धती दिसतात. एकीत कमाईच्या निम्मे कापतात. ३,००० चे २,००० उरतात, एकूण ४,०००. दुसरीत उत्पन्न किती टक्के बुडालं ते बघतात. इथे ६० टक्के, म्हणून १,८०० मिळतात, एकूण ३,८००. कुठल्याही पद्धतीत काम केल्याने घरात जास्तच येतं.

एसएसडीआयचं गणित निराळं. ६० महिन्यांच्या अवधीत ९ महिने चाचणीचे, म्हणजे काम जमतंय का ते बघण्याचे, मिळतात, ते सलग नसले तरी चालतात. ज्या महिन्यात कमाई ठरावीक रकमेच्या (२०२५ मध्ये ती १,१६० डॉलर होती) वर गेली तो महिना त्यात मोजला जातो, पण एसएसडीआयचा चेक पूर्ण येतो. हे नऊ संपले की खरी रेष लागू होते: २०२५ मध्ये ती महिन्याला १,६२० डॉलर होती, अंध व्यक्तींना २,७००. त्या रेषेने, चेक १,८०० चा असेल तर १,६०० कमावणाऱ्याकडे ३,४०० येतात आणि १,७०० कमावणाऱ्याकडे, रेष ओलांडल्यावरही चेक येत राहण्याची तीन महिन्यांची सूट सरली की, फक्त १,७००. शंभर डॉलर जास्त कमावून निम्मं उत्पन्न जातं. मला हा नियम क्रूर वाटतो, पण तो आहे. आजारामुळे कामासाठीच लागणारा खर्च खिशातून केला असेल तर तो कमाईतून वजा होतो. १,७५० कमाई आणि असा २०० खर्च असेल तर तुम्ही रेषेच्या आतच. पावत्या जपा.

रेष ओलांडली म्हणून सगळं संपत नाही. चाचणीनंतरच्या ३६ महिन्यांत कमाई पुन्हा खाली आली तर नवा अर्ज न करता चेक सुरू होतो. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, तर चाचणीनंतर किमान ९३ महिने टिकतं. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

दोन्ही एकदम मिळत असतील तर एलटीडी कंपनी बहुधा एसएसडीआयची रक्कम आधीच वळती करून घेते, म्हणून हिशोब एकत्र मांडा. फक्त एलटीडी असेल तर तब्येत झेपेल तितके तास घ्यायला मी सांगेन, पण दोन वर्षांची सीमा जवळ आली की सावध राहा. अनेक पॉलिसींत तिथून प्रश्न बदलतो: तुमचं जुनं काम नव्हे, तुम्हाला जमेल असं कुठलंही काम. तुमचं पार्टटाइम तेव्हा तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. एसएसडीआय असेल तर चाचणीच्या नऊपैकी किती महिने खर्ची पडले ते आधी सोशल सिक्युरिटीला लेखी विचारा, मगच तास ठरवा. आणि दोन्हीकडे कमाई दर महिन्याला कळवा. जास्तीचे आलेले पैसे वर्षभराने एकरकमी परत मागतात, तेव्हा ते खर्च होऊन गेलेले असतात.