दांडिया बाजारातले वाचनालय आणि तीन कपाटांतले गणेश देवी

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या एका गल्लीतील या लहानशा मराठी वाचनालयाची वर्गणी मी दिवाळी अंकांसाठी भरली होती. परंतु त्याची खरी पारख झाली ती या पावसाळ्यात, समीक्षक व भाषाभ्यासक डॉ. गणेश देवी यांचे लेखन सलग वाचायचे ठरवले तेव्हा. देवी मूळचे भोरचे असले तरी १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षे ते आपल्याच सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. असे असूनही त्यांची पुस्तके येथे तीन कपाटांत विखुरलेली आहेत: १९९३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ इंग्रजीत, ‘वानप्रस्थ’ ललित लेखनात आणि अरुण जाखडे यांनी संपादित केलेला, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड चक्क शब्दकोशांशेजारी.

ही मांडणी नियमाला धरून असेलही, पण तीमुळे धागा सुटतो. आपली समीक्षा संस्कृत आणि पाश्चात्त्य या दोनच परंपरांकडे पाहत राहिली व मधल्या कित्येक शतकांतील देशी भाषांचा विचार विसरली, ही पहिल्या पुस्तकातील तक्रारच पुढे लिपी नसलेल्या बोलींपर्यंत पोहोचली. विद्यापीठ सोडून ‘भाषा’ संस्था काढणे, गुजरातेतील तेजगढची आदिवासी अकादमी, १९९८पासून महाश्वेता देवींच्या साथीने विमुक्त जमातींसाठी केलेले काम, हे सारे त्याच वाटेवरचे. १९७१च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा यादीतून गळू लागल्या होत्या. देवींच्या पुढाकाराने २०१०मध्ये सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली. देवींनी विषय बदलला, असे कपाटे पाहून वाटते. वाचून वाटत नाही.

येथील ग्रंथपालबाई मात्र कपाटांहून जाणत्या आहेत. तिन्ही पुस्तके त्यांनी एकाच टेबलावर आणून ठेवली आणि न मागता कात्रणांची एक फाईलही दिली, जिच्यात २०१५मध्ये लेखकांनी निषेध म्हणून केलेल्या पुरस्कारवापसीपासून कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्येनंतर देवींनी धारवाडला केलेल्या मुक्कामापर्यंतचा मजकूर आहे. कात्रणांवर तारखा नाहीत, एवढीच उणीव.

गैरसोयी दोन. इंग्रजी प्रतीची पाने बांधणीतून निखळली आहेत, आणि खंड संदर्भग्रंथ असल्याने घरी मिळत नाही, तर वाचनालय उघडे राहते सायंकाळी जेमतेम अडीच तास. तो निदान शनिवारी रात्रीपुरता घरी द्यावा, असे मी सूचनावहीत लिहिले आहे आणि पुढील वर्षाची वर्गणीही भरली आहे.