गणपती ते होळी: ओटीजी वापरून झाल्यावर

गणपतीच्या थोडं आधी आमच्याकडे ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, ही विजेवरची छोटी भट्टी आली आणि आता होळी होऊन गेली. मोठे सण बहुतेक सगळे एकदा त्याच्यासमोरून गेले, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले ओटीजी साधारण सारखेच असतात: तीस लिटरच्या आसपास, पंधराशे वॉट, वर-खाली रॉड, आत पंखा आणि पुढे तीन गोल बटणं. घरात आम्ही दोघं नोकरी करणारे, दोन शाळकरी मुलं आणि आई. बायकोच्या ड्यूटीच्या वेळा बदलत्या, त्यामुळे भाजण्याचं खातं बहुतेक वेळा माझ्याकडे.

घेण्यामागचं खरं कारण नानकटाई. साताऱ्याला लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा असं सगळं सामान पिशवीत भरून आई बेकरीत जायची. पावाचा माल निघाला की भट्टीत घरगुती नानकटाया लागायच्या, मजुरी किलोवर. ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि आपल्या ट्रेवर नजर ठेवायला आम्ही पोरं. पत्र्याचा डबा भरून घरी आला की दिवाळी लागली. पुण्यात आमच्या भागात आता असं भाजून देणारं कोणी उरलेलं नाही. तयार नानकटाई ढिगाने मिळते, पण बहुतेक ठिकाणी ती वनस्पती तुपातली, जिभेवर मेण राहणारी.

तर नानकटाईबद्दल आधी. तूप घट्ट हवं, रवाळ असलं तरी चालेल, पण पातळ अजिबात नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात डब्यातलं तूप निम्मं वितळलेलं असतं, ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग परातीत घ्यायचं. तळहाताने फेसत राहिलं की पिवळेपणा जातो आणि हात परातीवरून हलका सरकायला लागतो. तिथे पिठीसाखर घालायची, पुन्हा फेसायचं. मैद्यात थोडं बेसन आणि मूठभर बारीक रवा, वेलची, जायफळ, चिमूटभर बेकिंग पावडर. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे वळून, जरा दाबून, वर पिस्त्याचा काप. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढताना त्या मऊच असतात आणि नवखा माणूस हमखास घाबरून ट्रे परत आत सरकवतो. तसं करू नका. वर बारीक भेगा पडल्या आणि खालची बाजू बदामी झाली की झाल्या. ट्रेवरच गार होऊ द्या, गरम असताना उचलल्या तर हातात भुगा येतो.

आता तक्रार. एका ट्रेवर जेमतेम सोळा नानकटाया बसतात. एक किलो मैद्याचा माल काढायला सहा ट्रे, म्हणजे दोन तास. कंपन्या दोन ट्रे देतात, पण दोन्ही एकदम लावले तर वरच्याच्या माथ्याला रंग चढतो आणि खालचा बुडाशी करपतो. पंखा असूनही. त्यामुळे एकावेळी एकच, आणि उरलेलं पीठ तोवर फ्रिजमध्ये. पण यातच ओटीजीची खरी सोय आहे: त्या दोन तासांत कोणी ओट्याशी खिळून उभं नसतं. चकलीचा घाणा कढईत असताना माणूस हलू शकत नाही. इथे टायमर लावला की मुलाचा अभ्यास घ्या, कपडे वाळत घाला, घंटी वाजली की या. दोघं नोकरीवर असलेल्या घरात दिवाळीआधीच्या आठवड्यात रात्री नऊनंतरचा वेळच मिळतो, आणि त्या वेळात तळण काढायची ताकद नसते.

चव भट्टीची येते का? नाही. लाकडाच्या भट्टीच्या विटा तापून जी खमंग आच लागते, ती रॉडला जमत नाही. आईने पहिली नानकटाई खाऊन 'चांगली आहे, पण भाजकी लागत नाही' असं सांगितलं. बेसन आधी कढईत कोरडं परतून घातलं तेव्हा तिने दुसरी उचलली.

तळणाचे पदार्थ भाजून करण्याच्या पाककृती इंटरनेटवर भरपूर आहेत. शंकरपाळे बरे होतात, मोहन थोडं वाढवावं लागतं. करंजी होते, पण ती करंजी न राहता खोबऱ्याचं सारण भरलेलं बिस्कीट होतं. चकलीच्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडची भाजलेली चकली खलबत्त्यात कुटून भेळेवर घालून संपवली.

ज्यासाठी घेतला नव्हता त्या कामांना मात्र ओटीजी फार उपयोगी पडला. चिवड्याचे पातळ पोहे ट्रेवर पसरून शंभर-एकशे दहा अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवले, मध्ये एकदा हलवले, की कुरकुरीत होतात आणि आक्रसत नाहीत. ढगाळ हवेत उन्हाची वाट बघायला नको. शेंगदाणे तर आता कढईत भाजतच नाही. नवरात्रातले उपास, एकादशी, संक्रांतीचे तिळगूळ, सगळ्याला दाण्याचं कूट लागतं. ट्रेवर एकेरी थर, १६० अंश, पंधरा-वीस मिनिटं, आणि दाणे आतपर्यंत सारखे भाजलेले. हिवाळ्यात दही लागत नाही तेव्हा ओव्हन मिनिटभर कोमट करून, बंद करून, विरजण लावलेलं पातेलं आत. हा शोध आईचा.

नाताळला मुलांच्या हट्टाने प्लम केक केला. मनुका, काळे बेदाणे, टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात भिजवून. असा जड केक १५० अंशांवर तासाच्या वर जातो आणि आमच्या टायमरची मजल साठ मिनिटांचीच, तेव्हा पुन्हा फिरवायला विसरलात की केक मधेच गार. माथा लाल झाल्यावर वर फॉइल टाकायची. आई अंडं खात नाही, म्हणून तिच्यासाठी दही घालून रव्याचा केक, आणि त्याचा टिन वेगळा, त्यावर मार्करने 'आई'. खरं सांगायचं तर प्लम केकपेक्षा आधी संपला तो हाच.

बटणावरचे आकडे ब्रह्मवाक्य मानू नका. आमच्याकडे १८० ला लावलं की आत दोनशे होतात. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो पहिल्या दिवशीच आणा. मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून अर्ध्या वेळेला ट्रे फिरवावा लागतो. सोबत आलेलं पाककृतींचं पुस्तक रद्दीत द्यायला हरकत नाही. जानेवारीत आतला दिवा गेला. सर्व्हिसवाल्याने आधी दोन तारखा चुकवल्या आणि मग येऊन दिवा वॉरंटीत बसत नाही एवढं सांगून गेला. तेव्हापासून मोबाइलच्या टॉर्चवर काम चाललंय.

वीजबिलाची भीती बऱ्याच जणांना असते. पंधराशे वॉट म्हणजे तासाला फार तर दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. दिवाळीचा महिना सोडला तर आमच्या बिलात फरक कळला नाही. प्लग मात्र सोळा अँपियरचा लागतो आणि जुन्या फ्लॅटमध्ये ओट्यावर तसा एखादाच असतो. एक्स्टेंशन बोर्डवर चालवायचा विचारही करू नका.

ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे आणि वर्षातून दोनदा केक होतो, त्यांनी ओटीजी घेऊ नये. घेणारच असाल तर लिटर मोठे घ्या, कारण छोट्यात केक निघतो पण दिवाळीचा डबा भरत नाही. आणि दुकानात जाण्याआधी ओट्याची खोली मोजा: दार खाली उघडतं, मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी लागते, आणि वरचा पत्रा इतका तापतो की त्यावर मसाल्याचा डबा ठेवता येत नाही. आमचा शेवटी मिक्सरच्या जागेवर बसला आणि मिक्सर खिडकीत गेला.