‘माल काय आहे?’ असं आधी विचारणाऱ्या क्रेनवाल्यापासून सावध राहा

रात्री बंद पडलेला ट्रक ओढायला क्रेन बोलावली, त्यात किती गेले तो आकडा आधी सांगतो, लपवून काही उपयोग नाही. ५०,५०० रुपये. त्यातले ४,५०० मोबाईलवरून गेले, ४६,००० यार्डात रोख मोजून दिले. संत्र्याच्या व्यापाऱ्याने कापलेले ३८,००० वेगळे. आणि हे सगळं एका तुटलेल्या एक्सलपायी (चाक फिरवणारा दांडा), जो गाडी रस्त्याच्या कडेला उभी असतानाच दोन तासांत बदलून झाला असता.

मी नागपूरजवळ वाडीला राहतो. दोन दहाचाकी गाड्या आहेत, दोन्हींचे हप्ते चालू आहेत. त्याआधी अकरा वर्षं मी स्वतः स्टिअरिंगवर होतो. त्यामुळे ‘तुला एवढंही समजलं नाही का?’ हा प्रश्न घरच्यांनी, शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याने, अगदी माझ्या ड्रायव्हरनेसुद्धा नजरेने विचारून झालाय. समजायला पाहिजे होतं, मान्य आहे. पण त्या रात्री माझ्या जागी कोण असतं आणि त्यानं काय केलं असतं, तेही एकदा विचार करून पाहा.

मागच्या महिन्यात कळमन्यातून १६ टन संत्री भरून गाडी हैदराबादला निघाली. बुटीबोरी सोडून दहा-बारा किलोमीटर गेल्यावर, रात्री पावणेबाराला ड्रायव्हरचा फोन आला. “भाऊ, गाडी हलूनच नाही राहिली. गिअर पडते, जॉइंट फिरून राहिला, पण चाक फिरत नाही.” (जॉइंट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा.) गाडी पूर्ण कडेलाही आली नव्हती, मागची उजवी चाकं पांढऱ्या पट्टीच्या आत होती. क्लीनरने झाडाच्या फांद्या तोडून मागे टाकल्या होत्या. त्या रोडवर रात्री उभ्या ट्रकला मागून गाडी ठोकली की काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा नेहमीचा मिस्त्री लग्नासाठी छिंदवाड्याला गेलेला, त्याचा फोन बंद.

मोबाईलवर ‘क्रेन सर्व्हिस’ शोधलं. नकाशावर सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. नावात एका मोठ्या ट्रक कंपनीचं नाव आणि पुढे ‘अधिकृत’ असा शब्द. चारशेच्या वर रिव्ह्यू, बहुतेक सगळे पाच ताऱ्यांचे. (ते नंतर नीट वाचले. ‘खूप छान सेवा’ हे एकच वाक्य पन्नास वेळा होतं. गाडीचं नाव नाही, जागेचं नाव नाही.) फोन पहिल्याच रिंगला उचलला.

आणि इथेच मला थांबायला पाहिजे होतं. त्याचा पहिला प्रश्न होता, “माल काय आहे?” दुसरा, “कुठं पोचवायचाय, कधीपर्यंत?” तिसरा, “सेठ तुम्हीच का, की मुनीम बोलताय?”

मी सांगितलं, संत्री, हैदराबाद, परवा पहाटेपर्यंत, गाडी माझीच.

गेले पंधरा दिवस हे तीन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत. टोचन करणारा, म्हणजे बंद गाडी ओढून नेणारा, खरा माणूस असं विचारत नाही हो. तो विचारतो, गाडी किती चाकी, लोड आहे की खाली, हवा आहे का, ब्रेक सुटतात का, जॉइंट काढावा लागेल का. कारण हवा उतरली की मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप जाम होतात, मग त्याला स्वतःच्या मशीनमधून हवा द्यावी लागते. जॉइंट किंवा एक्सल न काढता इंजिन बंद ठेवून लांब ओढलं, तर गिअरबॉक्सला आतून तेल मिळत नाही आणि तो जळतो. हे त्याला आधी माहीत पाहिजे, नाहीतर तो कोणती मशीन घेऊन येणार? या माणसाने बिघाडाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याला फक्त माझी घाई किती आहे ते पाहायचं होतं. मी ‘संत्री’ म्हणालो त्याच क्षणी माझा भाव ठरला. लोखंडी सळया भरल्या असत्या तर कदाचित त्याने दुसरा आकडा सांगितला असता.

“वाडीपर्यंत चौदा हजार, सगळं धरून,” असं तो बोलला. “निघायला डिझेलचे साडेचार हजार टाका.” त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर भलत्याच कोणाचं नाव आलं. मी ते नाव वाचलं. वाचूनही पिन दाबला. पैसे टाकताना समोर आलेलं नाव आणि फोनवरच्या फर्मचं नाव जुळत नसेल तर फोन ठेवा, चर्चा करू नका.

दीडला क्रेन आली. ड्रायव्हर सांगतो, त्यांनी गाडी ओढायची तयारी केलीच नाही, आधी एक्सलचे नट खोलले. एक्सल बाहेर ओढला, अर्धाच आला. “क्राऊनपण (एक्सल फिरवणारा आतला मोठा गिअर) गेला, इथं काही होत नाही,” असं सांगून तो तुकडा पोत्यात गुंडाळून आपल्या केबिनमध्ये ठेवला. माझ्या ड्रायव्हरने हुशारीने एक फोटो काढून मला पाठवला होता, १ वाजून ५२ मिनिटांनी. तो मी सकाळी सहाला पाहिला. फोटोत त्याचा तळहात आहे, त्यावर हाऊसिंगमधून, म्हणजे एक्सलच्या खोळीतून, सांडलेलं तेल, बोटांच्या रेषा दिसाव्यात इतकं स्वच्छ. क्राऊन फुटला असता तर त्या तेलात लोखंडाचा चुरा चमकला असता. एवढं मला समजतं. रात्री फोटो उघडला असता तर तिथेच “गाडीला हात लावू नका” असं सांगितलं असतं. पैसे गेले, फोन झाला, क्रेन आली, आता सकाळी पाहू, असं समजून मी आडवा झालो होतो.

लिहून ठेवा, एक्सल किंवा जॉइंट त्याच्या हातात गेला की गाडी त्याची झाली. रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी आल्याशिवाय एकही नट खोलू देऊ नका. आणि क्रेनच्या नंबर प्लेटचा फोटो ती थांबल्याबरोबर घ्यायचा. आमच्या वेळी प्लेट वाकवलेली आणि चिखलाने भरलेली होती. नोव्हेंबरात, कोरड्या रोडवर चिखल.

गाडी वाडीला आलीच नाही. आऊटर रिंग रोडजवळच्या एका पत्र्याच्या यार्डात नेऊन फाटकाला कुलूप लावलं. सकाळी मी पोचलो तर साध्या पॅडवर लिहिलेला हिशोब तयार. टोचन २८ किलोमीटर, ४५० प्रमाणे १२,६००. हायड्रा (वजन उचलायची क्रेन) १२,०००, आणि हायड्रा आलाच नव्हता. लोड चार्ज टनामागे हजार, म्हणजे १६,०००. रात्रपाळी ५,०००. एक्सल काढणे ४,५००. यार्ड भाडं दोन दिवसांचं ५,०००, गाडी आत येऊन चार तास झाले होते. मजुरी ३,४००. एकूण ५८,५००. माझे साडेचार हजार कुठे आहेत विचारलं, तर म्हणे ते आमचं खातं नाही, ज्याला दिले त्याला विचारा.

मी भांडलो. आवाज चढवला. पाच-सहा पोरं येऊन उभी राहिली. त्यात व्यापाऱ्याचे फोन सुरू, ऊन चढत होतं, खालच्या थरातली संत्री दबून घाम धरायला लागली होती. दोन तास घासाघीस करून ४६,००० वर आला. दिले. तुम्ही म्हणाल, द्यायचेच नव्हते. दोन-अडीच लाखांचा माल दुसऱ्याचा असतो तेव्हा तत्त्व सांगता येत नाही. दुसऱ्या मिस्त्रीने हाऊसिंग उघडलं. क्राऊनला ओरखडाही नव्हता. नवा एक्सल, तेल, मजुरी मिळून ७,८००.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, गाडी बंद पडली ती हद्द आमची नाही. दुसऱ्यात सांगितलं, यार्ड आमच्याकडे नाही. तिसऱ्यात एक साहेब हिशोबाचा कागद पाहून म्हणाले, “तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” राजीखुशीने? कुलूपबंद फाटकाआत सहा पोरं घेरून उभी असताना? माझा भाचा वकिलाकडे काम करतो. त्याने दाखवलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, माहिती घ्यावीच लागते. तो कागद छापून नेला. साहेबांनी वाचलाही नाही, टेबलावर पालथा ठेवला आणि “मोठे साहेब आले की या” म्हणाले. मोठे साहेब तीन वेळा बंदोबस्तात होते. चार दिवस मी गाड्या सोडून बाकड्यावर बसलो. तिथल्या हवालदाराने हळूच सांगितलं की या यार्डाचं नाव आधीही ऐकलंय. ऐकलंय, तर मग? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात उत्तर मिळालं की खासगी क्रेनचे दर हा आमचा विषय नाही. मग कोणाचा विषय आहे? नागपुरातून देशाच्या चारही दिशांना हायवे जातात, रात्रंदिवस ट्रक चालतात, आणि बंद पडलेल्या ट्रकला कोण किती पैशांना लुटतो हे विचारणारं कोणी नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर आधी १०३३ हा हायवेच्या मदतीचा नंबर लावा, चोवीस तास चालतो. मी लावलाच नाही, सुचलंच नाही. ड्रायव्हरला किलोमीटरचा दगड वाचून जागा सांगायला शिकवा. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरला लगेच, त्याच तासात फोन करा. मी चौथ्या दिवशी केला. विम्याच्या एजंटवर विसंबू नका. पॉलिसीत गाडी ओढून नेण्याचं जे कलम असतं ते अपघातासाठी, नुसत्या बिघाडासाठी नाही. रस्त्यावरची मदत हवी तर ती वेगळी घेतलीय का, कागद काढून आजच पाहा. ओळखीच्या दोन टोचनवाल्यांचे नंबर केबिनमध्ये रंगवून ठेवा. मी माझ्या दोन्ही गाड्यांत सीटखाली एकेक एक्सल बांधून ठेवलाय.

हवालदार म्हणाला होता, एकट्याची तक्रार मागे पडते, चार जण आले तर घ्यावी लागेल. बुटीबोरी ते जांब या पट्ट्यात तुमची गाडी रात्री बंद पडून त्या पत्र्याच्या यार्डात गेली असेल तर लाजू नका, सोबत या. मी सोमवारी सकाळी अकराला पुन्हा जाणार आहे. हिशोबाचा कागद, साडेचार हजारांचा स्क्रीनशॉट आणि पोत्यासकट तो तुटलेला एक्सल घेऊन.