थ्रिलरची सुरुवात: आधीच सांगून टाकायचं का लपवून ठेवायचं?

अंबाजोगाईच्या आमच्या मामेभावानं शॉर्टफिल्म काढायची ठरवलीय, वीस मिनिटांची, थ्रिलर. स्टोरी अशी की रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला गेलेला माणूस सकाळी विहिरीत मेलेला सापडतो, गाव म्हणतंय शॉक लागला अन् पडला, पोरीला वाटतंय काहीतरी येगळंच झालंय. कॅमेरा मित्राचा, विहीर आमचीच, पैसे नाहीतच. अडलंय ते पहिल्या सीनवर. दोन सुरुवाती लिहून झाल्यात अन् पोरं दोन आठवडे नुसती भांडू लागलेत की ही घ्यायची का ती. मला विचारलं म्हणून लिहितोय, तुमचंही असंच अडलं असेल तर वाचा.

पहिली सुरुवात अशी. रात्र, लाइट गेलेली, माणूस काठावर बसून केबलचा जोड सोलतोय, उघडी तार हातात, मोबाईलची बॅटरी दातात धरलेली. तिकडं मोटारीच्या पेटीपाशी कुणाचातरी हात येतो, ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप उचलणारा स्विच) चालू करतो अन् अंधारात जातो. आता लाइट कधी येणार एवढंच राहिलं.

दुसरी. सकाळ, तीच विहीर. मोटार चालू, वाफा फुटून पाणी गाडीवाटेवर आलेलं, काठावर चपला, भाकरीचं फडकं सोडलेलं पण नाही. माणूस दिसत नाही. अन् केबलचा जोड एकदम व्यवस्थित, टेप गुंडाळलेला.

दोन्हीत मेलेला माणूस तोच, फरक इतकाच की पहिल्यात आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहितीय अन् दुसऱ्यात आपल्याला कमी माहितीय. थ्रिलरवाला डायरेक्टर हिचकॉकनं फ्रेंच डायरेक्टर त्रुफोला मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं ते हेच. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, पण बॉम्ब आहे हे आधीच सांगितलं तर तीच टेबलावरची रटाळ बडबड पंधरा मिनिटं पुरते. आपल्याकडं बॉम्ब कशाला पाहिजे, ऑटो आहे की! लाइट आली की पेटीवरचे लाल-पिवळा-निळा तीन दिवे लागतात, ऑटो थोडे सेकंद थांबतो अन् मग धाडकन मोटार उचलतो. शेतकऱ्याच्या घरचं पोरगं हे जन्मापासून बघतंय, त्याला काही समजावून सांगायची गरज नाही. ते तीन दिवे दाखवले की झालं, हॉलमधी कुणीतरी वरडतंय बघा, 'आरं सोड ती तार!'

या प्रकारात डायरेक्टर ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची (1958) सुरुवात बघाच. टायमर लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत, गाडी मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या गर्दीतून चाललीय, कधी बकऱ्या आडव्या, कधी पोलीस, शेजारून एक नवीन लग्न झालेलं जोडपं पायी चाललंय, अन् तीन मिनिटांच्या वर एकही कट नाही. कट नाही म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला जागा नाही. पण माझा खरा मुद्दा त्याच्या आवाजाचाय. 1958 ला स्टुडिओनं त्या शॉटवर टायटल्स टाकली अन् हेन्री मॅन्सिनीचं म्युझिक चढवलं. वेल्सनं लांबलचक मेमो लिहून बदल मागितले होते, ते 1998 साली त्याच्या मेमोवरून पिक्चर परत एडिट केला तेव्हा झाले, टायटल्स काढली अन् म्युझिकच्या जागी रस्त्यावरचेच आवाज ठेवले, बारमधली गाणी, गाडीचा रेडिओ. दोन्ही लागोपाठ बघा. म्युझिकवाला झकास वाटतो, पण दुसऱ्यात गाडीचा रेडिओ जवळ आला की पोटात गोळा येतो कारण त्या आवाजासोबत बॉम्ब येतोय हे आपल्याला कळतंय. आमच्या पोरांनी फ्री लायब्ररीतून ढॅणढॅण म्युझिक डाउनलोड करून ठेवलंय, ते डिलीट करा असं मी सांगितलं. रातकिडे, लांबचं कुत्रं, अन् शेजारच्या फिडरवरच्या (विजेच्या दुसऱ्या लाइनीवरच्या) मोटारीची घरघर (म्हणजे तिकडं लाइट हाय), एवढं बास.

आता दुसऱ्या बाजूचं. रहस्यवाल्या सुरुवातीचं एक बरं असतंय, ती स्वस्तात पडते. दिवसा शूट होते, लाइटिंगचा ताप नाही, ॲक्टिंग सुद्धा नाही, चपला ॲक्टिंग करतात. पण ती उधारीय, कोडं टाकलं की शेवटी उत्तर द्यावं लागतंय. 'अंधाधुन' (2018) कोबीच्या शेतातल्या सशापासून सुरू होतो, माणूस बंदूक घेऊन मागं, गोळी, अन् मग पिक्चर पुण्यात पियानोवाल्यावर जातो. ससा आपण विसरून जातो, अन् शेवटाकडं तो परत येतो तेव्हा सगळं फिरतंय. 'कहानी'त (2012) कोलकात्याच्या मेट्रोत विषारी गॅस, लोक मरतात, अन् दोन वर्षांनी एक गरोदर बाई नवऱ्याला शोधत येते, या दोन्हीचा संबंध काय हे पिक्चर मुठीत धरून ठेवतो. दोघांनी उधारी फेडली म्हणून आपण नाव घेतोय. बहुतेक शॉर्टफिल्मवाले फेडतच नाहीत, धुकं, बाहुली, रक्ताचा थेंब टाकून मोकळे, अन् शेवटी विचारलं की म्हणणार 'ते सिम्बॉलिक होतं'. मी एका स्पर्धेत असल्या अकरा फिल्म सलग बघितल्यात, नंतर चहा सुद्धा गोड लागला नाही.

म्हणून रहस्यवाली घ्यायची तर चपला-भाकरीवर थांबू नका. आमच्या सीनमधी खरी भारी गोष्ट तो टेप गुंडाळलेला जोड आहे. शॉक लागून मेलेला माणूस जोड मारून टेप गुंडाळून मग मरत नाही ना. म्हणजे नंतर कुणीतरी आलं होतं. हे प्रेक्षकाला पहिल्यांदा दिसायला पाहिजे पण कळायला नको. कॅमेरा तिथं रेंगाळला की संपलं, पाण्याच्या शॉटमधी कोपऱ्यात असू द्या.

तिसरा एक प्रकार पोरं सारखा काढतात, शेवटचा मारामारीचा सीन आधी दाखवायचा अन् मग 'तीन दिवस आधी'. तो सोडून द्या, वीस मिनिटांत तीन दिवस मागं जाऊन परत यायला वेळ कुठाय. 'सेव्हन'सारखी (1995) टायटल्स करू म्हणणारा एक आहेच ग्रुपमधी, खुन्याच्या वह्या, सुई-दोरा, कापाकापी. काइल कूपरनं केलेलं ते काम भारीच, पण आपल्याकडं नावंच सहा आहेत, अन् त्यातली चार त्या टायटलवाल्या पोराचीच.

मग घ्यायचं काय? पहिलीतली गडबड तो हात आहे. हात दाखवला की खून झाला हे प्रेक्षकाला दुसऱ्याच मिनिटाला कळलं, मग पोरीचा संशय खरा का खोटा यात राहिलं काय! टॅरंटिनोच्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'ची (2009) सुरुवात इथं कामाला येते. शेतकऱ्याच्या घरात जर्मन अधिकारी दूध पीत गोड बोलतोय, आपण नुसतेच अस्वस्थ, अन् बऱ्याच वेळानं कॅमेरा फळ्यांच्या खाली जातो, तिथं लपलेलं ज्यू कुटुंब तोंड दाबून पडलंय. तिथून पुढं तीच गोड बडबड ऐकवत नाही. म्हणजे माहिती किती द्यायची याइतकंच ती कधी द्यायची हे पण आपल्याच हातात आहे.

तर माझं मत असं की रात्रीचा सीन घ्या पण हात कापून टाका. माणूस बिनधास्त बसून जोड सोलतोय, बायकोशी फोनवर बोलतोय, उद्या खताचं बघू वगैरे. हे मिनिटभर चालू द्या. मग कॅमेरा हळूच पेटीवर, ऑटो चालूच आहे. कुणी केला? हाच विसरला असेल, का कुणी मुद्दाम? सांगायचंच नाही. तीन दिवे लागले, कट. डायरेक्ट सकाळ, फुटलेला वाफा, चपला, अन् कोपऱ्यात टेप गुंडाळलेला जोड. भीतीही मिळाली अन् कोडंही शाबूत.

हाताचा रोल ज्याला दिला होता तो रुसणार, त्याला सरपंच करा. अन् शूटिंगच्या रात्री पेटीतले तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून मामांच्या खिशात द्यायचे, दिवे येगळ्या बॅटरीवर लावा. आमच्याकडं लाइट स्क्रिप्ट वाचून येत नाही.