वाळलेली एल्डरबेरी: दिवाळीत घेतली, उन्हाळ्यापर्यंत वापरली

दिवाळीच्या सुमारास वाळलेल्या एल्डरबेरीचं, म्हणजे युरोपात होणाऱ्या बारीक काळपट-जांभळ्या फळांचं, पाकीट ऑनलाइन मागवलं. आता लातुरात ऊन तापलंय, आणि आमच्या घरात ही बेरी टिकली ती कवठामुळे.

एल्डरबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरणारा फळातला घटक, कमी. नुसत्या रसात साखर घालून कितीही आटवा, पाक होतो, जॅम धरत नाही. युरोपात त्यासाठी सफरचंद घालतात. पेक्टिन कवठात भरपूर असतं. महाशिवरात्रीला बाजारात कवठं आली, तेव्हा एका पिकल्या कवठाचा गर, वाटीभर एल्डरबेरीचा काढा, गूळ, मीठ आणि जिरेपूड कढईत एकत्र शिजवली. थोड्या वेळानं चमच्यावरून धार लागायची थांबली, घट्ट थेंब लोंबायला लागले. रंग काळपट जांभळा, वर तकाकी. आंबट-तुरट-गोड अशी ती चटणी आत्याबाईंनी ज्वारीच्या भाकरीबरोबर परत मागून घेतली. नव्या पदार्थाला त्या सहसा हात लावत नाहीत!

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. ही फळं कच्ची खायची नाहीत, वाळलेलीसुद्धा येताजाता तोंडात टाकायची नाहीत. बिया, देठ, पानं यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. मळमळ, उलट्या, जुलाब होतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात पानं-देठांसकट काढलेला कच्चा रस पिऊन ११ जण आजारी पडले, त्यातल्या आठ जणांना हेलिकॉप्टरनं दवाखान्यात हलवावं लागलं. म्हणून मी आधी ताटात पसरून तांदळासारखी निवडते. बारीक काड्या निघतातच. मग एका वाटीला चार वाट्या पाणी, उघडं पातेलं, मंद आच, निम्मं होईपर्यंत. अर्धा-पाऊण तास लागतो. फडक्यातून गाळून चोथा टाकून द्यायचा. फडकं जुनंच घ्या, डाग जात नाही.

काढा कोमट झाल्यावर मध घालून हिवाळ्यात घेतला. चवीला छान. खोकल्यावर औषध म्हणून मात्र मी त्याची शिफारस करणार नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. आता लिंबू, काळं मीठ घालून सरबत करते. काढा फ्रिजमध्ये ठेवते, आठवड्यात संपवते. बाहेर राहिला तर या उकाड्यात आंबतो.

किंमत खटकते. माल परदेशातून येतो, तेवढ्या पैशात हंगामात जांभळं पोटभर येतील. नुसत्या सरबतासाठी हा खर्च करू नका. चटणीसाठी जरूर घ्या, पण लहान पाकीट.