दुरून संशोधन करताना: खुली लिंक, वैयक्तिक लिंक की फोन?

परिचारिकांमध्ये एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती आहे हे काढायचे असेल, तर सर्वेक्षणाच्या फॉर्मची वैयक्तिक लिंक घ्या, म्हणजे प्रत्येकीला वेगळी जाणारी. अनुभव समजून घ्यायचा असेल, तर फोन किंवा व्हिडिओ कॉल. ज्या गटाची यादीच मिळत नाही, त्याच्यासाठी खुली लिंक, म्हणजे कोणालाही उघडता येणारी एकच लिंक.

खुली लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की उत्तरे झटपट येतात. पण ती किती जणांनी पाहिली हे कळत नाही, म्हणून प्रतिसादाचे प्रमाण काढताच येत नाही. मानधन पोस्टमध्येच जाहीर केले, तर बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) आणि एकाच व्यक्तीने पुन्हापुन्हा भरलेले फॉर्म यांचा धोका वाढतो. 40 प्रश्न दोन मिनिटांत पूर्ण, मोकळ्या उत्तरांत शब्दशः तीच वाक्ये, वय 24 आणि अनुभव 15 वर्षे, या त्याच्या खुणा. पहाटे तीनची वेळ मात्र संशयास्पद धरू नका, नाहीतर रात्रपाळीच्या खऱ्या परिचारिकाच बाद होतील. ‘तुम्ही आयसीयूत काम करता का?’ असे विचारले की पात्रतेची अट उघड होते. त्याऐवजी विभागांची यादी द्या. कोणते फॉर्म वगळायचे याचा नियम लिंक पाठवण्याआधीच लिहून ठेवा. नंतर ठरवला, तर निकालाला सोयीची छाटणी होते.

वैयक्तिक लिंकला आधी यादी लागते, आणि यादीसाठी संस्थेची व नैतिकता समितीची परवानगी. यातच काही आठवडे जातात. रेडकॅपसारख्या ऑनलाइन सर्वेक्षण प्रणालीत प्रत्येक ईमेलला वेगळी लिंक जाते आणि ज्यांनी भरले नाही त्यांनाच स्मरणपत्र पाठवता येते. 600 ईमेल पाठवले, 40 न पोहोचता परत आले, 210 फॉर्म पूर्ण झाले, तर प्रतिसाद 210 भागिले 560, म्हणजे 37.5 टक्के. मोठ्या समूहात 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली, तर सुमारे 385 पूर्ण फॉर्म लागतात. 30 टक्केच प्रतिसाद अपेक्षित असेल, तर जवळपास 1,300 निमंत्रणे. हे गणित यादीतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवड केली तरच लागू पडते. खुल्या लिंकवर हजार उत्तरे आली म्हणून त्रुटी घटत नाही.

इथली मोठी चूक म्हणजे निमंत्रण मेट्रन किंवा वॉर्ड इन्चार्जच्या नावाने पाठवणे. नकार देणे अवघड होते आणि उत्तरेही वरिष्ठांना रुचतील अशी येतात. शिवाय लिंक ईमेलशी जोडलेली असताना संमतीपत्रात ‘अनामिक’ लिहू नका, ‘गोपनीय’ लिहा.

फोन आणि व्हिडिओ यांत आम्ही संवेदनशील विषयासाठी फोनकडे झुकतो. चेहरा दिसत नसला की अनेकजण मोकळे बोलतात आणि नेटवर्कही कमी लागते. ‘आत्ता एकट्या आहात का?’ हे सुरुवातीलाच विचारा. त्या क्षणीचा ठिकाणा आणि दुसऱ्या कोणाचा तरी नंबर घेऊन ठेवा. मुलाखतीत कोणी कोसळले, तर मदत कुठे पाठवायची ते माहीत हवे. तासाभराचे रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास धरा. तोंडी संमती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मुलाखतीच्या फाइलला नाव चिकटत नाही.